मोबाईलवर गेम ग्राफिक्स कसे शिकायचे? १६ × १६ चौकोनांपासून सुरुवात



"दादा, गेमचे ग्राफिक्स शिकायचे आहेत, कोणता लॅपटॉप घेऊ?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: लॅपटॉप सध्या राहू दे. आज रात्री हातातल्या मोबाईलवर पाण्याचा एक माठ काढ, आणि तो १६ × १६ चौकोनांत बसव.

हे ऐकून बरेच जण नाराज होतात. त्यांच्या डोक्यात मोठमोठे थ्रीडी गेम असतात आणि मी त्यांना माठ काढायला सांगतो. पण यामागे कारण आहे. ते मला स्वतः चुका करून कळलं, म्हणून आधी त्या चुकांबद्दल सांगतो.

मी काय चुकलो होतो?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी एक गेम बनवला होता. स्टँडवरून सुटलेली एसटी धावत जाऊन पकडायची, एवढाच गेम. कोड माझा होता. चित्रं मात्र इंटरनेटवर सर्च करून उचललेली. हिरो एका साइटवरचा, बस दुसऱ्या, झाडं तिसऱ्या. मित्रांनी कौतुक केलं आणि मी गेम एका ऑनलाइन स्टोअरवर टाकला.

आठवडाभरात मेल आला. ज्या चित्रकाराचा हिरो मी उचलला होता, त्याची तक्रार होती. ते एक कॅरेक्टर काढायला त्याला जवळजवळ महिना लागला होता आणि मी ते एका मिनिटात डाउनलोड केलं होतं. स्टोअरने गेम काढून टाकला. मला राग आला नाही, लाज वाटली. स्वतःचा कोड कोणी असा उचलला असता तर मी काय केलं असतं?

दुसरी चूक तांत्रिक होती. हिरोच्या धावण्याच्या २४ फ्रेम होत्या आणि प्रत्येक फ्रेम १०२४ × १०२४ पिक्सेलची. माझ्या फोनवर गेम मस्त चालायचा. रूममेटच्या जुन्या फोनवर उघडला की लगेच बंद पडायचा. का, ते पुढे सांगतो.

या दोन्ही चुकांमधून मी एकच गोष्ट शिकलो. गेमचं ग्राफिक म्हणजे नुसतं सुंदर चित्र नव्हे. तो गेममधला काम करणारा भाग असतो. तो लहान स्क्रीनवर क्षणात ओळखू यावा लागतो, शंभर वेळा शेजारी-शेजारी ठेवला तरी चालावा लागतो आणि कमी मेमरीत मावावा लागतो. हे सगळं शिकायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे पिक्सेल आर्ट.

पिक्सेल आर्ट म्हणजे काय?

चित्र काढताना एकेक पिक्सेल आपण स्वतः ठरवून ठेवतो, ते पिक्सेल आर्ट. घरात आजीने किंवा आईने दोसुतीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांनी भरलेलं तोरण असेल तर ते जवळून बघा. मोर, तुळशीवृंदावन, हत्ती, सगळं चौकोन मोजून भरलेलं असतं. आपण तेच करायचं, सुईऐवजी बोटाने.

हे काही मी जुळवून सांगत नाही. सुझन केअर यांनी १९८४ च्या अ‍ॅपल मॅकिंटॉश कॉम्प्युटरसाठी जे प्रसिद्ध आयकॉन बनवले, त्यांची सुरुवात आलेखाच्या कागदावर ३२ × ३२ चौकोन रंगवून झाली होती. मोझेक आणि भरतकाम या जुन्या कलांशी या कामाचं नातं त्या स्वतःच सांगतात.

४० केबीमधला मारिओ

१९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स तुम्ही खेळला असाल, निदान पाहिला तरी असेल. तो अख्खा गेम सुमारे ४० केबीचा आहे आणि त्यातले ग्राफिक्स फक्त ८ केबीचे. सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो यापेक्षा कितीतरी मोठा असतो!

हे कसं जमवलं ते बघा, कारण यातच आपला अभ्यासक्रम आहे.

- आकार: छोटा मारिओ १६ पिक्सेल उंच आणि १२ पिक्सेल रुंद आहे. त्या मशीनवर चित्रं ८ × ८ च्या तुकड्यांनी बनत आणि मारिओ अशा चार तुकड्यांचा होता.
- रंग: एका स्प्राइटला तीन रंग मिळत, चौथी जागा पारदर्शक. स्प्राइट म्हणजे गेममध्ये हलणारं सुटं चित्र.
- मिशी आणि टोपी: हे कॅरेक्टर आधी १९८१ च्या डाँकी काँगमध्ये आलं. एवढ्या कमी पिक्सेलमध्ये तोंड दाखवणं अवघड, म्हणून शिगेरू मियामोतो यांनी मिशी दिली. उडी मारताना केस हलवायला नकोत म्हणून टोपी दिली. हात अंगापेक्षा वेगळे दिसावेत म्हणून कपड्यांचे दोन रंग ठेवले.
- पुनर्वापर: सुपर मारिओमधले ढग आणि झुडपं यांचा आकार एकच आहे, फक्त रंग बदलला आहे.

म्हणजे मारिओचं जगप्रसिद्ध रूप बऱ्याच अंशी जागेच्या अडचणीतून आलं. जागा कमी असली की काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवावंच लागतं. मोठ्या कॅनव्हासवर हे ठरवणं टाळता येतं, म्हणून तिथे नवशिका महिनोन्महिने रेंगाळतो.

कोणतं अ‍ॅप घ्यायचं?

- मोबाईलवर: पिक्सेल स्टुडिओ किंवा डॉटपिक्ट. दोन्ही फुकट सुरू करता येतात. फ्रेम, लेअर आणि पॅलेटची सोय आहे की नाही एवढं बघून घ्या.
- कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये: पिस्केल. काही इन्स्टॉल करावं लागत नाही, त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्येही चालतं.
- स्वतःचा कॉम्प्युटर असेल तर: लिब्रेस्प्राइट फुकट आहे. एसप्राइट विकत घ्यावं लागतं, पण पिक्सेल आर्ट करणाऱ्यांमध्ये ते खूप वापरलं जातं.

अ‍ॅप निवडण्यात दोन दिवसांपेक्षा जास्त घालवू नका. पेन्सिल, खोडरबर, रंग भरणं आणि फ्रेम, एवढं असलं की काम होतं. स्टायलसही लागत नाही. झूम केल्यावर एकेक चौकोन बोटाने नीट भरता येतो.

पहिलं चित्र: पाण्याचा माठ

आता प्रत्यक्ष करू. १६ × १६ चा नवा कॅनव्हास उघडा, बॅकग्राउंड पारदर्शक ठेवा आणि ग्रिड चालू करा.

१. आकार भरा. वरच्या २ आणि खालच्या २ ओळी रिकाम्या सोडा. मधल्या १२ ओळींत एकाच गडद रंगाने, मध्यभागी धरून, वरून खाली इतके पिक्सेल भरा: ८, ६, १०, १२, १४, १४, १४, १४, १४, १२, १०, ६. पहिली ओळ माठाचा काठ, दुसरी मान, बाकी पोट आणि बूड.

२. सावलीची परीक्षा घ्या. रंग भरण्याआधी फोन हातभर लांब धरा. नुसत्या काळ्या आकारावरून माठ ओळखू येतो का? येत नसेल तर रंगांनी तो सुधारणार नाही, आकारच बदलायला हवा. हीच परीक्षा पुढे प्रत्येक कॅरेक्टरला लावायची.

३. मधला रंग द्या. बाहेरची एक पिक्सेलची कड गडद ठेवून आतला भाग तांबूस तपकिरी करा.

४. उजेडाची बाजू ठरवा. समजा उजेड वरून डावीकडून येतोय. मग उजवीकडे आणि खाली सावलीचा रंग भरा, डावीकडे वर उजळ रंग. सावली करताना त्याच रंगात काळा मिसळू नका, ती थोडी जांभळ्याकडे न्या. उजळ रंग थोडा पिवळ्याकडे न्या. एवढ्याने मातकटपणा जातो.

५. चमक द्या. उजळ भागात एक-दोन पिक्सेल फिकट ठेवले की माठ ओला वाटतो.

सगळे मिळून पाच रंग झाले. बस, इथे थांबा! सहावा रंग घेण्याचा मोह होईल, तो टाळा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. गोलाई काढताना कडेच्या पायऱ्या हळूहळू बदलायला हव्यात. १, १, २, ३ अशा पायऱ्या डोळ्यांना गोल वाटतात. १, ३, १, २ अशा झाल्या की कड करवतीसारखी दिसते. नवशिक्याचं काम सगळ्यात आधी इथे ओळखू येतं.

रंग कुठून आणायचे?

कलर व्हीलवरून दर वेळी नवा रंग उचलला की दहा चित्रं दहा वेगळ्या गेममधली वाटतात. माझ्या एसटीच्या गेमचं नेमकं हेच झालं होतं. त्यापेक्षा एक तयार पॅलेट घ्या आणि महिनाभर तेच वापरा. लॉस्पेक या साइटवर अशी पॅलेट फुकट मिळतात. पिको-८ या छोट्या गेम सिस्टीमचं १६ रंगांचं पॅलेट सुरुवातीला छान आहे. १९८९ च्या गेम बॉयवर तर फक्त चार छटा होत्या, आणि तरीही लोक तासन्‌तास खेळायचे.

टाइल: जमीन, भिंत, पाणी

गेममधली जमीन म्हणजे एकच छोटी टाइल पुन्हा पुन्हा मांडलेली असते, घरातल्या फरशीसारखी. टाइल एकटी सुंदर दिसून उपयोग नाही, शेजारी दुसरी ठेवल्यावर सांधा दिसायला नको.

त्यासाठी सोपी युक्ती आहे. १६ × १६ ची टाइल काढून झाली की पूर्ण चित्र ८ पिक्सेल उजवीकडे आणि ८ पिक्सेल खाली सरकवा, बाहेर गेलेला भाग दुसऱ्या बाजूने आत येऊ द्या. आता चारही कडा मध्यभागी येतात आणि सांधे स्पष्ट दिसतात. ते तिथे दुरुस्त करा. मग ३ × ३ अशा नऊ टाइल मांडून बघा. एखादा ठळक दगड किंवा फूल नऊ वेळा डोळ्यांत खुपत असेल तर ते टाइलमधून काढून वेगळा स्प्राइट करा.

चालणं: फक्त चार फ्रेम

अ‍ॅनिमेशनला लोक उगाच घाबरतात. १६ पिक्सेलच्या माणसाला चार फ्रेम पुरतात:

१. उजवा पाय पुढे, अंग १ पिक्सेल खाली.
२. दोन्ही पाय जवळ, अंग १ पिक्सेल वर.
३. डावा पाय पुढे, अंग १ पिक्सेल खाली.
४. पुन्हा पाय जवळ, अंग १ पिक्सेल वर.

प्रत्येक फ्रेम १२० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवून चालवून बघा. पाय कितीही नीट काढले तरी अंग खाली-वर झालं नाही तर माणूस घसरगुंडीवरून सरकल्यासारखा दिसतो. तो एक पिक्सेल जिवंतपणा आणतो. माझा पहिला माणूस असा चालला, तेव्हा मी रात्री दीड वाजता रूममेटला उठवून दाखवला होता.

सेव्ह करताना या चुका टाळा

- फाइल पीएनजीमध्येच सेव्ह करा. जेपीजीमध्ये पारदर्शकता राहत नाही आणि कडांवर कचरा येतो.
- मोठं करायचं असेल तर २, ३, ४ अशा पूर्ण पटीत करा. दीडपट केलं की काही पिक्सेल जाड, काही बारीक होतात.
- व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राला पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबला जातो आणि सगळं धूसर होतं.
- मूळ लेअर असलेली फाइल वेगळी जपून ठेवा. एक्स्पोर्ट केलेल्या चित्रात नंतर बदल करणं त्रासाचं असतं.

फोन का हँग होतो? मेमरीचा हिशेब

आता रूममेटच्या फोनचं कोडं सोडवू. पीएनजी फाइल डिस्कवर छोटी असते, पण गेम चालू झाला की चित्र मेमरीत उलगडतं. वेगळं कॉम्प्रेशन लावलं नसेल तर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात: लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता.

- १६ × १६ चं चित्र: १ केबी
- १०२४ × १०२४ चं चित्र: ४ एमबी
- २०४८ × २०४८ चं चित्र: १६ एमबी

माझ्या हिरोच्या २४ फ्रेम, प्रत्येकी ४ एमबी, म्हणजे नुसत्या धावण्याला ९६ एमबी! आणि स्क्रीनवर तो दिसायचा जेमतेम अंगठ्याएवढा. स्वस्त फोन बिचारा काय करणार? फाइलचा साइज बघून फसू नका, पिक्सेल मोजा. आपले खेळाडू महागडे फोनवालेच असतील असं धरून चालू नका.

सगळ्या फ्रेम एकाच मोठ्या चित्रात शेजारी-शेजारी ठेवायची पद्धत आहे, तिला स्प्राइट शीट म्हणतात. फोनला वारंवार वेगळं चित्र उचलावं लागत नाही, त्यामुळे काम हलकं होतं. वर सांगितलेली बरीच अ‍ॅप स्प्राइट शीट थेट एक्स्पोर्ट करून देतात.

गेममध्ये टाकून बघाच

ही पायरी बहुतेक जण गाळतात. गॅलरीत छान दिसणारं चित्र गेममध्ये टाकल्यावर जमिनीत मिसळून जातं, हे खेळल्याशिवाय कळत नाही. गोडो हे गेम इंजिन पूर्ण फुकट आणि मुक्त आहे. त्याचा एडिटर अँड्रॉइडवरही चालतो, पण छोट्या स्क्रीनवर हात अवघडतो, तेव्हा मित्राचा लॅपटॉप तासभर मागून घ्या. पिक्सेल धूसर दिसले तर प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर फिल्टर "निअरेस्ट" करा. गोडोमध्ये पहिल्यांदा हाच प्रश्न येतो आणि हेच त्याचं उत्तर.

दुसऱ्याची चित्रं वापरता येतात का?

येतात, पण परवाना वाचून. सीसी-झिरो असेल तर कशालाही वापरा, नाव द्यायचीही सक्ती नाही. केनी या साइटवरची हजारो गेम चित्रं या परवान्याखाली आहेत. सीसी-बाय असेल तर चित्रकाराचं नाव देणं बंधनकारक. त्यात एनसी असेल तर पैसे कमावण्यासाठी वापरता येत नाही. ओपनगेमआर्टवर प्रत्येक चित्राचा परवाना वेगळा असतो. "गुगलवर मिळालं" हा परवाना नाही, हे मी स्वतः भोगून शिकलो.

क्लास लावायचा का?

मागच्या वर्षी माझा मावसभाऊ एका गेम डिझाइनच्या कोर्सला जाणार होता. फीसाठी काका कर्ज काढायला निघाले होते. मी त्याला म्हटलं, "आधी एक महिना दे, मग ठरव." महिन्याभरात त्याला कळलं की त्याला चित्र काढण्यापेक्षा ती हलवण्यात मजा येते. आता तो अ‍ॅनिमेशन शिकतोय, आणि कर्ज न काढता.

क्लास वाईटच असतात असं नाही. पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. आधीच्या विद्यार्थ्यांनी पूर्ण केलेले गेम खेळायला मिळतील का? मध्येच सोडलं तर फी परत मिळते का? शिकवणाऱ्याने स्वतः कोणत्या गेमवर काम केलंय? "शंभर टक्के नोकरी" हे उत्तर या तीनपैकी एकाही प्रश्नाचं नाही.

३० दिवसांचा आराखडा

- दिवस १ ते ७: रोज एक वस्तू, १६ × १६ मध्ये. माठ, छत्री, किल्ली, कंदील, आंबा, चप्पल, रिक्षा.
- दिवस ८ ते १४: जमीन, गवत, पाणी, भिंत यांच्या टाइल. प्रत्येकीची ३ × ३ परीक्षा.
- दिवस १५ ते २१: एक माणूस. उभा, चालताना, उडी मारताना.
- दिवस २२ ते ३०: हे सगळं एका पडद्यावर मांडून गेममध्ये चालवा आणि घरातल्या कोणाला तरी खेळायला द्या. काही न सांगता. कुठे अडखळतात ते लिहून ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझी चित्रकला चांगली नाही, जमेल का?
सुरुवात नक्की जमेल. १६ × १६ मध्ये हात किती सफाईदार आहे यापेक्षा तुम्ही काय ठरवता ते जास्त महत्त्वाचं. पुढे माणसाचं शरीर, उजेड आणि दूर-जवळ यांचा अभ्यास मात्र करावाच लागतो.

एआयकडून बनवून घेतलं तर?
ती चित्रं लांबून पिक्सेल आर्टसारखी दिसतात, पण झूम केल्यावर चौकोन अनेकदा एकसारखे नसतात आणि दर फ्रेमला चेहरा बदलतो. शिवाय स्टीमवर जानेवारी २०२४ पासून गेममध्ये एआयने बनवलेला मजकूर किंवा चित्रं असतील तर ते सांगावं लागतं. शिकायचं असेल तर आधी स्वतः करा.

थ्रीडी कधी सुरू करू?
एक छोटा गेम पूर्ण झाल्यावर. ब्लेंडर फुकट आहे, पण त्याला बऱ्यापैकी कॉम्प्युटर लागतो. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये राजी हा थ्रीडी गेम काढला, त्यात पहाडी चित्रशैलीची छाप आहे. तो जरूर बघा. बाहेरच्या गेमची नक्कल न करताही काम करता येतं, हे त्यातून दिसतं.

एकट्याने पूर्ण गेम होतो का?
होतो, पण वेळ लागतो. स्टारड्यू व्हॅली हा गेम एरिक बॅरोन यांनी एकट्याने सुमारे साडेचार वर्षांत बनवला आणि २०१६ मध्ये आणला. त्यात कित्येक चित्रं त्यांनी पुन्हा पुन्हा नव्याने काढली.

माझा एसटीचा गेम मी नंतर पुन्हा बनवला. सगळे स्प्राइट माझे, १६ रंग, आणि सगळी चित्रं मिळून मेमरीत १ एमबीसुद्धा नाहीत. बस थोडी वाकडी आहे, कंडक्टरचा चेहरा तर चारच पिक्सेलचा. पण रूममेटच्या त्याच जुन्या फोनवर तो बंद न पडता चालतो, आणि त्यातला एकही पिक्सेल उचललेला नाही. तुमचा माठ आज रात्री काढा!